दगड दाबा आणि ऐका

अंगठ्याने एखादा दगड दाबून बघा. दबला का? "काहीतरीच काय, दगड कुठे दबतो!" असं तुम्ही म्हणाल. पण तो दबतो, आणि अंगठा काढला की पुन्हा होता तेवढा होतो. फक्त हे दबणं इतकं चिमुकलं असतं की डोळ्यांना किंवा पट्टीला त्याचा पत्ताच लागत नाही. दबायचं आणि सोडलं की पूर्ववत व्हायचं, या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. एवढा लांबलचक शब्द पाठ करायला लावतात आणि उदाहरण मात्र नेहमी रबराचं देतात. रबराचं कौतुक पुरे झालं. आज आपण स्फटिकांकडे जाऊ, खरी गंमत तिथे आहे.

मिठाचा कण म्हणजे एक छोटासा स्फटिक. सोडियम आणि क्लोरीनचे अणू त्यात एकाआड एक, अगदी शिस्तीत रचलेले असतात. या कणाला चहूबाजूंनी हवेच्या दाबाच्या दहा हजार पट दाब दिला, तर त्याचं आकारमान शंभरात सुमारे चार भागांनी घटतं. या दाबाला एक गीगापास्कल म्हणायचं. तेवढाच दाब हिऱ्याला दिला तर तो हजारात जेमतेम दोन-अडीच भाग आक्रसतो. म्हणजे दाबाच्या बाबतीत हिरा मिठाच्या सुमारे अठरा पट ताठ.

एक गीगापास्कल हा दाब मोठा वाटतो ना? समुद्राच्या सगळ्यात खोल जागी, मारियाना गर्तेच्या तळाशी, त्याच्या नवव्या हिश्शाएवढा दाब असतो. पण पृथ्वीच्या केंद्रापाशी दाब आहे सुमारे ३६४ गीगापास्कल! हवेच्या दाबाच्या छत्तीस लाख पट. तिथे दगड-धातूंचं काय होत असेल, हे कळायला आपण तिथे जाऊ शकत नाही. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर माणसाने वर्षानुवर्षं भोक पाडलं, आणि १९८९ साली ते १२ किलोमीटर २६२ मीटरवर पोचलं. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर ६३७१ किलोमीटर. म्हणजे आपण अजून सालसुद्धा धड सोललेलं नाही.

मग आतलं कळतं कसं? भूकंपांमुळे.

१८९७ च्या जून महिन्यात आसाम आणि शिलाँगच्या परिसरात भयंकर मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. दूरदूरच्या यंत्रांनी टिपलेल्या नोंदी पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की धक्का एकदाच येत नाही. आधी एक लहर येते, मग थोड्या वेळाने दुसरी. पहिली पुढे-मागे ढकलत जाते, तिला प्राथमिक लहर म्हणतात. दुसरी आडवी हलत जाते आणि हळू चालते, ती दुय्यम. पुढे १९०६ मध्ये याच ओल्डहॅमनी लहरींच्या वेळांवरून दाखवून दिलं की पृथ्वीच्या पोटात एक वेगळाच गाभा आहे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान या बाईंनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा शोधला. दोघांपैकी कुणीही जमीन उकरली नाही. सगळं घड्याळ आणि कागदावरच्या नागमोडी रेघांच्या जोरावर.

आज आपल्याला कुठल्या खोलीवर लहर किती वेगाने धावते ते चांगलं माहीत आहे. वरच्या कवचात प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते, आणि २८९० किलोमीटर खाली, कवच आणि गाभा यांच्या मधल्या थराच्या, म्हणजे प्रावरणाच्या तळाशी, पावणेचौदा किलोमीटर. पण घोडं इथेच अडतं. वेग कळला, तरी तो कुठल्या दगडाचा वेग? ओळखायचं कसं?

माठ विकत घेताना मोठी माणसं टिचकी मारून बघतात. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा गेलेला. आवाजावरून आतली घडण कळते. दगडांचंही तसंच. लहर किती वेगाने जाणार ते दोन गोष्टींवर ठरतं, पदार्थ किती ताठ आहे आणि किती जड आहे. ताठपणाला घनतेने भागा, वर्गमूळ काढा, की वेग हातात. तेव्हा भूकंपाने सांगितलेल्या वेगांशी ताडून पाहायचं तर आपल्याकडे निरनिराळ्या स्फटिकांच्या 'आवाजांची' यादी हवी. आणि ते स्फटिक टेबलावर आरामात पडलेले असून चालणार नाही. पृथ्वीच्या पोटात असतो तेवढ्या दाबाखालीच ते वाजवून बघायला हवेत.

आधी दाबायचं कसं ते बघू. हार्वर्ड विद्यापीठातल्या पर्सी ब्रिजमन यांनी आख्खं आयुष्य वस्तू दाबण्यात घालवलं. मोठमोठ्या पोलादी यंत्रांनी त्यांनी शेकडो पदार्थ दाबून पाहिले आणि १९४६ साली त्याबद्दल नोबेल पारितोषिकही मिळवलं. पण पोलादालाही मर्यादा असतात. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत चार शास्त्रज्ञांनी फार सोपी युक्ती काढली. दोन हिरे घ्यायचे, त्यांची टोकं घासून इवलीशी सपाट करायची, ती समोरासमोर आणायची आणि नमुना मध्ये ठेवून आवळायचं. बस्स! हे उपकरण तळहातावर मावतं. हिरे महाग, ते आणायचे कुठून? सरकारने तस्करांकडून जप्त केलेले हिरे या कामी आले. चोरीच्या मालाचा इतका सुंदर उपयोग मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

या उपकरणात हिऱ्यांना ऐरण म्हणतात. आपल्या तुकोबांनी एका अभंगात हिरा ऐरणीवर ठेवून घणाने पारखलाय. इथे हिराच ऐरण! एक मात्र सांगून ठेवते, घरातल्या कुणाच्या अंगठीवर हातोड्याचा प्रयोग करायला जाऊ नका. हिरा कठीण असतो, पण ठिसूळही असतो. हळूहळू, सरळ रेषेत दाबला तर तो अफाट दाब सोसतो. जरा तिरका आवळला गेला, की फटकन चुरा.

आता थोडं गणित. हिऱ्याचं सपाट टोक ०.३ मिलिमीटर रुंद असेल तर त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ०.०७ चौरस मिलिमीटर. त्यावर ५० गीगापास्कल दाब आणायला जोर किती लागेल? सुमारे ३५०० न्यूटन, म्हणजे साडेतीनशे किलो वजनाएवढा. चार स्क्रू पान्याने हळूहळू पिळले तरी एवढा जोर मिळतो. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ, आणि भागाकारात खालचा आकडा चिमुकला केला की वरचा फार मोठा लागत नाही.

पण स्फटिक दोन हिऱ्यांमध्ये नुसता ठेवून आवळला तर वरून-खालून चेचला जाईल, आणि आपल्याला हवाय चहूबाजूंनी सारखा दाब. म्हणून हिऱ्यांच्या मध्ये पोलादाची किंवा ऱ्हेनिअम नावाच्या धातूची पातळ चकती ठेवतात. तिला म्हणतात गॅस्केट. तिच्या मधोमध केसाच्या जाडीपेक्षा थोडं मोठं भोक पाडायचं आणि त्या भोकात स्फटिक ठेवायचा. उरलेल्या जागेत अल्कोहोल, निऑन किंवा हेलियम भरायचा. म्हणजे स्फटिक त्यात बुडून राहतो आणि त्याला सगळीकडून सारखंच दाबलं जातं. दाब वाढत गेला की इथे काय काय विचित्र घडतं! पाणी भरलं असेल तर एक गीगापास्कलच्या जवळपास त्याचा बर्फ होतो, तोही खोलीच्या तापमानाला, फ्रिजशिवाय. फुग्यात भरतात तो हेलियमसुद्धा सुमारे १२ गीगापास्कलला गोठतो. गोठला तरी तो मऊच असतो, म्हणून शास्त्रज्ञांचा लाडका.

आत दाब किती झाला ते कसं मोजणार? भोकात माणकाचा एक कणही टाकलेला असतो. त्यावर लेसर सोडला की माणिक लाल चमकतं, आणि दाब वाढला की त्या लाल रंगाची छटा ठरावीक हिशेबाने सरकत जाते. छटा मोजा, दाब वाचा. ही युक्ती १९७२ ची, त्याच मानक संस्थेतली.

दाबून झालं. आता ऐकायचं कसं? केसाहून बारीक स्फटिक, दोन हिऱ्यांत अडकलेला. त्याला टिचकी मारणार कोण आणि कान लावणार कुठे?

इथे माझी सगळ्यात आवडती गोष्ट येते. टिचकी मारावीच लागत नाही! कुठल्याही पदार्थातले अणू कधीच गप्प बसत नाहीत, उष्णतेमुळे सतत थरथरत असतात. ही थरथर म्हणजे असंख्य इवल्या ध्वनिलहरीच असतात, सगळ्या दिशांनी धावणाऱ्या. स्फटिक आपला आपणच वाजत असतो. १९२२ मध्ये लेऑन ब्रिल्वाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने असं भाकीत केलं, की अशा स्फटिकातून प्रकाश गेला तर त्यातला थोडासा या धावत्या लहरींवर आपटून वळेल, आणि वळताना त्याचा रंग किंचित बदलेल. लहर प्रकाशाच्या दिशेने येत असेल तर रंग थोडा निळ्याकडे सरकेल, दूर जात असेल तर थोडा तांबड्याकडे. किती सरकला ते मोजलं की लहरीचा वेग कळला. म्हणजे आवाज ऐकायचा तो कानाने नाही, प्रकाशाने.

हे ऐकणं सोपं नाही हं. हिरव्या लेसरची कंपनं असतात सेकंदाला ५६४ लाख कोटी. स्फटिकात ध्वनी सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने धावत असेल, तर नेहमीच्या मांडणीत त्या कंपनांत फरक पडतो २७०० कोटींचा. आकडा दांडगा दिसतो, पण हिशेब केलात तर हा फरक वीस-एकवीस हजारांत एक एवढाच आहे. डोळ्यांना हिरवा तो हिरवाच. हा फरक पकडायला समोरासमोर ठेवलेल्या दोन अतिसपाट आरशांचं उपकरण लागतं. आरशांमधलं अंतर सूक्ष्म पावलांनी बदलत जायचं आणि प्रत्येक पावलाला किती प्रकाश पलीकडे आला ते मोजत राहायचं. वळून येणारा प्रकाश इतका क्षीण असतो की एकेका मोजणीला तासन् तास लागू शकतात.

आणि लेसरच नव्हता तेव्हा? १९४७ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आर. एस. कृष्णन यांनी पाऱ्याच्या दिव्यातला अतिनील प्रकाश वापरून हिऱ्यात हा परिणाम टिपला होता. लेसर अवतरायला तेव्हा तेरा वर्षं बाकी होती. त्यांच्या चिकाटीला दंडवत!

पुढे १९७६ मध्ये अमेरिकेत व्हिटफील्ड, ब्रोडी आणि बॅसेट या तिघांनी दोन्ही युक्त्यांची सांगड घातली. हिऱ्यांच्या ऐरणीत मीठ ठेवलं, दाबलं, आणि लेसरने ऐकलं. हो, तेच मीठ.

आता भेटा मॅग्नेशिअम ऑक्साइडला. पांढरा, साधासुधा पदार्थ, पण पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात तो लोहाशी मिसळून भरपूर प्रमाणात असतो. त्याचा स्फटिक घनाकृती. घनाकृती स्फटिकाचा ताठपणा सांगायला तीन आकडे लागतात, कारण स्फटिक सगळ्या दिशांनी सारखा ताठ नसतो. ऑलिव्हिन या हिरवट खनिजाला नऊ आकडे लागतात, आणि सगळ्यात वाकड्यातिकड्या स्फटिकांना एकवीस. ते मिळवायला स्फटिक थोडा थोडा फिरवायचा आणि दरवेळी नव्या दिशेने ऐकायचं.

कॅल्क्युलेटर घ्या. घनाच्या कडेच्या दिशेने मॅग्नेशिअम ऑक्साइडचा ताठपणा आहे सुमारे २९७ गीगापास्कल. म्हणजे २९७ वर नऊ शून्यं. त्याला घनतेने, ३५८४ ने, भागा आणि वर्गमूळ काढा. सेकंदाला साधारण ९१०० मीटर आलं ना? घनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे, तिरक्या कर्णाच्या दिशेने, हाच वेग भरतो सुमारे १०,१०० मीटर. म्हणजे तिरकी वाट जलद आणि सरळ वाट संथ.

आता स्क्रू पिळा. दाब वाढला की दोन्ही वेग वाढतात, पण सरळ वाट जास्त भराभर वाढते. १५-२० गीगापास्कलच्या आसपास दोघी बरोबरीला येतात. आणि मग? सरळ वाट पुढे जाते! त्यानंतर दाब वाढेल तसं हे अंतर वाढतच जातं. तोच स्फटिक, तेच अणू, तीच रचना, पण जलद दिशा कुठली याचं उत्तर उलटं. वरच्या टेबलावर मोजून खालचा अंदाज बांधणारा इथे सपशेल फसला असता.

याच स्फटिकाने आणखी एक कोडं सोडवलं. मघाशी माणकाच्या छटेवरून दाब कळतो म्हटलं. पण अमुक छटा म्हणजे अमुक दाब, हे पहिल्यांदा कुणी ठरवलं? तिथे चूक असेल तर सगळंच चुकेल. २००० साली वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतल्या झा, माओ आणि हेमली यांनी मॅग्नेशिअम ऑक्साइड ५५ गीगापास्कलपर्यंत दाबून त्याचे ध्वनिवेग मोजले. क्ष-किरणांनी त्याची घनता मोजली. या दोन्हींवरून त्या क्षणीचा ताठपणा कळतो, आणि ताठपणा म्हणजे तरी काय? आकारमान अमुक इतकं घटवायला आणखी किती दाब लागेल, एवढंच. मग एकेक छोटी पायरी धरून बेरीज करत जायची: इतकं आक्रसला म्हणजे इतका दाब वाढला, आणखी इतकं, म्हणजे आणखी इतका. शेवटी एकूण दाब हाती येतो, माणकाला काहीही न विचारता. उलट माणकाचीच परीक्षा घेता येते!

दाबलं की पदार्थ ताठ होतो, हे तर झालंच. पण काही वस्ताद उलटे वागतात. शुद्ध सिलिकाची काच सुरुवातीचे दोन-तीन गीगापास्कल दाबली तर दाबाबरोबर आणखी सहज दबायला लागते. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये थोडं लोह मिसळलं तर त्याहून अजब प्रकार. २००८ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी अशा स्फटिकाला लेसरच्या दोन झोतांनी खरोखरच टिचकी मारली आणि लहरी मोजल्या. सुमारे ४० ते ६० गीगापास्कलच्या दरम्यान स्फटिक चक्क मऊ पडला! कारण लोहाच्या अणूतले इलेक्ट्रॉन. दाब असह्य झाला की सुटे फिरणारे इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि अणू अंग चोरून लहान होतो. हे स्थित्यंतर चालू असताना स्फटिकाला आकारमान कमी करायची सोपी वाट मिळते, म्हणून तो सहज दबतो. स्थित्यंतर संपलं की पुन्हा ताठ.

एवढं सगळं करून पृथ्वीच्या पोटात काय आहे ते ठरलं का? थोडंसं. खालच्या प्रावरणातलं मुख्य खनिज ब्रिजमनाइट. हो, त्याच ब्रिजमन यांचं नाव. पृथ्वीवरचं सगळ्यात मुबलक खनिज हेच, पण निसर्गात नमुना सापडल्याशिवाय खनिजाला नाव देत नाहीत, आणि खालून तर कुणी आणणार नाही. शेवटी १८७९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम उल्केत ते सापडलं आणि २०१४ मध्ये त्याचं बारसं झालं. त्याच्या दोन वर्षं आधी जपानच्या मोतोहिको मुराकामी यांच्या गटाने याच खनिजातल्या दुय्यम लहरी १२४ गीगापास्कलपर्यंत ऐकल्या होत्या. दुय्यमच का? कारण ऐरणीचा हिराही स्फटिकच, तोही लेसरखाली वाजतो! जास्त दाबाला नमुन्याच्या जलद लहरींची खूण हिऱ्याच्या खुणेखाली झाकली जाते. तर मुराकामींनी निष्कर्ष काढला की खालच्या प्रावरणात ९३ टक्क्यांहून जास्त हेच खनिज असावं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. वाद चालू आहे, आणि चालू असलेलाच बरा.

आपल्याकडे मुंबईत, भाभा अणुसंशोधन केंद्रातही हिऱ्यांच्या ऐरणीत पदार्थ दाबून पाहतात. इंदूरच्या इंडस-२ या यंत्रातले तीव्र क्ष-किरण अशा दाबलेल्या स्फटिकांवर सोडता येतात. क्ष-किरणांचा फायदा असा की ते अपारदर्शक धातूतूनही जातात. लोखंडातून हिरवा लेसर कसा जाणार?

आणि लोखंड ऐकायलाच हवं, कारण आतला गाभा मुख्यतः त्याचाच आहे. २०१० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी लोखंड ३७७ गीगापास्कल दाबाखाली ५७०० केल्विनपर्यंत तापवलं, म्हणजे थेट पृथ्वीच्या केंद्राची परिस्थिती. तिथे लोखंडाचे अणू षट्कोनी रचनेत बसलेले दिसले. भूकंपलहरी आतल्या गाभ्यातून ध्रुवापासून ध्रुवाकडे जरा लवकर पोचतात आणि विषुववृत्ताच्या दिशेने जरा उशिरा, त्याचं कारण बहुधा हेच: षट्कोनी स्फटिक बऱ्याच अंशी एकाच दिशेला तोंड करून असावेत. पण दुय्यम लहरी तिथे फार रेंगाळतात. सेकंदाला साडेतीन किलोमीटर फक्त! प्रयोगशाळेतल्या लोखंडावरून अपेक्षा होती त्याहून बऱ्याच कमी. वितळायच्या बेतात आलेलं लोखंड मऊ पडतं म्हणून? की त्यात सिलिकॉन, कार्बन असं काहीतरी मिसळलंय म्हणून? एकमत नाही.

फ्रान्सिस बर्च नावाचे फार मोठे भूभौतिकशास्त्रज्ञ होऊन गेले. पृथ्वीच्या पोटाविषयीच्या १९५२ सालच्या आपल्या गाजलेल्या लेखात त्यांनी एक खट्याळ तळटीप टाकली होती. पृथ्वीच्या आतल्या भागाविषयी लिहिताना शब्दांवरही दाब पडतो आणि त्यांचे अर्थ बदलतात, असा तिचा आशय. कुणी 'खात्रीने' म्हटलं की समजावं शंका आहे, 'निःसंशय' म्हणजे कदाचित. आणि 'शुद्ध लोखंड' असं वाचलंत तर समजा, सगळ्या मूलद्रव्यांची कसलीतरी मिसळ!